झुंबरबाईचा मुराळी

सोनवणे सरांचा आवाज फार गोड होता, हे आधीच मान्य करून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, या प्रमिलाबाईंच्या जिभेला हाड नाही, भल्या माणसालाही सोडत नाहीत. आवाज गोड, माणूस देखणा, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. फोनवर नुसतं 'हं' म्हणाले तरी समोरच्या माणसाला वाटायचं, आपलं दुःख कोणीतरी पाटावर बसवून घेतलं. आमच्या केंद्रात त्यांच्यासारखं ऐकणारं कोणी नव्हतं. मी तर नव्हतेच. मला ऐकताना मध्ये बोलायची खोड, आणि ती अजून गेलेली नाही.

केंद्राचं नाव 'हितगुज'. जळगावातल्या एका डाळमिलवाल्या शेठजींच्या पुतण्याने ऐन तारुण्यात जिवाचं बरंवाईट करून घेतलं, त्या दुःखातून शेठजींनी गोदामावरची खोली दिली, टेबलं दिली, फोन घेऊन दिला. ज्याचं मन जड झालं असेल त्याने दिवसा फोन करावा, आम्ही ऐकू. शिक्षक, बँकेतले कारकून, डॉक्टरांच्या बायका अशी मंडळी गोळा झाली. माझा शिवणवर्ग बंद पडला होता, पोरं आपापल्या संसाराला लागली होती, म्हणून मीही गेले. खोलीत तुरीच्या भुश्शाचा वास असायचा आणि खाली हमाल एकमेकांच्या आया काढायचे. अशा ठिकाणी आम्ही लोकांची दुःखं ऐकायला बसायचो.

शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी नियम सांगितले. समोरच्याचं नाव विचारायचं नाही. गाव विचारायचं नाही. आपलं सांगायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नातं जोडायचं नाही. पुण्यात हे चालत असेल. आमच्या खानदेशात एसटीत शेजारी बसलेल्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं आडनाव, आणि एरंडोल येईपर्यंत काहीतरी सोयरीक निघतेच. फोन करणारे आम्हालाच विचारायचे, "कोन बोलस? कोना घरना?" आम्ही म्हणायचो, ते सांगता येत नाही. "मंग मी काबरं सांगू?" म्हणून ते फोन ठेवून द्यायचे. पहिले काही महिने आम्ही फोनपेक्षा माशाच जास्त हाताळल्या.

टेबलावर फोन दोन होते, पण लाइन एकच. नवख्याने दुसरा रिसीव्हर कानाला लावून जुन्याचं बोलणं ऐकायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी शिकायची पद्धत. मला सोनवणे सरांच्या हाताखाली दिलं होतं. झुंबरबाईचा पहिला फोन मी ऐकला तो असा.

पौषातली दुपार होती. तिने आम्ही न विचारताच नाव सांगितलं. धरणगावच्या बाजाराला आली होती, मिरच्या बांधलेल्या पेपराच्या तुकड्यावर आमचा नंबर होता, तो पाहून एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरली होती. चौथीपर्यंत शिकलेली. आवाज अगदी शांत. आईबाप लहानपणीच गेलेले, एकच भाऊ होता, तोही काविळीने गेला. भाऊ होता तोवर नवरा धनसिंग नुसता ओरडायचा. भाऊ गेला आणि हात सुटला. सासूही मागे राहिली नाही. तक्रार केली की सासू म्हणायची, "मारी टाकं तरी तुले कोन इचारनार शे?" हे वाक्य तिने दोनदा सांगितलं. मग म्हणाली, घरी जाताना वाटेत एक विहीर आहे, रोज दिसते, आज जरा जास्तच दिसतेय.

ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. सर नियमाप्रमाणे गप्प होते. मग म्हणाले, "मी विचारणार, झुंबरबाई. आजपासून मी तुमचा भाऊ. आखाजीला तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन. तोवर जिवाचं काही करायचं नाही. भावाला शब्द द्या."

पलीकडे बाजाराचा गलका, आणि त्यात तिचा आवाज. "खरंच येशी का, भाऊ?"

सर म्हणाले, "येईन."

तेव्हा ती रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू. नियम मोडला तर मोडला, पण एक बाई विहिरीच्या काठावरून मागे फिरली, असं मला वाटलं आणि सरांविषयी जीव भरून आला. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तेही नियमात बसत नव्हतं.

खानदेशाबाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर आमच्याकडे चालतं. आखाजीला नाही आली तर गाव बोलतं. अक्षय्य तृतीया म्हणजे इतरांना सोनं घ्यायचा मुहूर्त, आम्हाला लेकींचा सण. लिंबाला झोके बांधायचे, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खायचा, गाणी म्हणत सासरच्यांना मनसोक्त नावं ठेवायची. पण त्यासाठी माहेरचं माणूस मुराळी म्हणून न्यायला यावं लागतं. आपली आपण पिशवी उचलून निघाली तर ती सणाला गेली असं कोणी म्हणत नाही, पळून गेली म्हणतात. मुराळी दारात दिसला की सासरच्या लोकांना वर्षभरासाठी कळतं, हिच्यामागे माणूस आहे. झुंबरबाईला पुरणपोळी नको होती. तिला दारात उभा राहिलेला माणूस हवा होता, आणि तो सगळ्या गल्लीने पाहायला हवा होता.

त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी फोन करू लागली. एकदा तर सासऱ्यालाच, पुना आबांना, बूथवर घेऊन आली. सरांनी त्यांना सांगितलं की झुंबर माझी मावसबहीण, मी जळगावला प्रोफेसर आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या, आखाजीला न्यायला येतो. हे सगळं सरांनीच मला नंतर रंगवून सांगितलं. म्हातारा फोनवर 'हो साहेब, हो साहेब' करत होता म्हणे. गाव कोणतं, घर कुठे, वडाच्या पारापासून कुठे वळायचं, सगळं त्याने सरांना समजावून सांगितलं होतं.

आणि तिचे दिवस खरोखर पालटले. बाईला विचारणारा आहे म्हटल्यावर हात उचलताना माणूस विचार करतो. धनसिंगचा हात थांबला. सासू जेवायला हाक मारू लागली. लाइनीवर मी असले तर ती सरांना जे सांगायची ते माझ्याही कानावर पडायचं, आणि मला आपल्याच घरातलं कार्य पार पडल्यासारखं वाटायचं. म्हणजे पाहा, प्रत्यक्षात कोणी काही केलं नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण त्या घरात त्या कढीभातावर एक बाई दोन घास सुखाचे खात होती.

केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमात सरांनी हा अनुभव सांगितला. नाव अर्थातच सांगितलं नाही. 'एका भगिनीला आपण फक्त एक शब्द दिला', असं म्हणून ते थांबले, आणि सभागृहात पदर डोळ्यांना लागले. अध्यक्ष डॉक्टरसाहेबांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. मी तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

चैत्र लागला आणि सर बाजाराच्या दिवशी दिसेनासे झाले. कधी पेपर तपासायचे होते, कधी घशाला त्रास होता. मी काही शंका घेतली नाही. उन्हाळ्यात घसे बसतातच. मग एकदा फोन मी उचलला.

"अक्का, भाऊ शे का?"

मी म्हटलं, सर आज आले नाहीत, काय निरोप आहे?

"त्याले सांगा, सासूनी माले नवं लुगडं लिधं. सकायमाच येवाले सांगा, मंग ऊन व्हई जास."

तिच्या आवाजात अशी काही ऐट होती की मला हसू आलं. आणि माझी जुनी खोड, मी नियमबियम सोडून विचारलं, बाई, गाव कोणतं तुमचं?

ती हसली. "भाऊले बठ्ठं माहीत शे," म्हणाली, म्हणजे भावाला सगळं माहीत आहे, आणि फोन ठेवला.

निरोप द्यायला मी सरांच्या घरी गेले. छान घर, दारात मोगरा, आत कूलर. मी म्हटलं, तुमच्या बहिणीचा निरोप आहे, सकाळीच निघा, ऊन होतं. सर हसले नाहीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विद्यार्थ्याला समजावतात तसं समजावू लागले. ते नातं हा उपचाराचा भाग होता. त्या क्षणी त्या बाईला आधाराची गरज होती, तो दिला. आता तिने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. आपण असे घरोघरी जाऊ लागलो तर केंद्र कसं चालायचं? आणि शेवटी तर नियम आहेच, फोन करणाऱ्याला प्रत्यक्ष भेटायचं नाही.

नियम! नातं जोडताना हा नियम कुठे गोदामात पडला होता कोण जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता टाळू दुखायला लागला. मी हे सगळं तोंडावर बोलले. त्यांच्या बायको कमलबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "यांना मला भाऊबीजेला माझ्या भावाकडे सोडायला वेळ नसतो हो." आणि आत निघून गेल्या.

मग सर जरा खरं बोलले. ते मी जसंच्या तसं सांगते, कारण त्या माणसावर मला अन्याय करायचा नाही.

"एकदा भाऊ म्हणून दारात उभा राहिलो की संपलं का, प्रमिलाबाई? मग भाऊबीज. मग तिच्या पोरांची लग्नं, मामाचा आहेर. तिचा समाज वेगळा, माझा वेगळा, तिथे पहिल्यांदा आडनावच विचारतील. मी कुठवर पुरणार?"

मी विचारलं, हे बोलायच्या आधी कळलं नव्हतं?

"बोललो नसतो तर ती त्या दिवशी मेली असती," ते म्हणाले.

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. खोट्या माणसाला चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. मेलेली बाई जिवंत करायची, तिला नवं लुगडं नेसवून उंबऱ्यावर बसवायची, आणि मग म्हणायचं की माझं काम झालं. याला काय म्हणायचं ते मला पुण्याच्या बाईंनी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, तुम्ही नका जाऊ. गाव तेवढं सांगा, मी दुसरं माणूस पाठवते. सर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. तिने ते विश्वासाने सांगितलंय. गोपनीयता आहे."

मी अध्यक्ष डॉक्टरसाहेबांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, शेवटी ऐकायचंच केंद्र त्यांचं, आणि म्हणाले की सोनवणे सरांची भावनेच्या भरात चूक झाली असेल, पण प्रमिलाबाई, तुम्ही फोनवर गाव विचारलंत, ही शिस्त मोडणं झालं. पुढे काळजी घ्या. म्हणजे ज्याने नातं जोडलं त्याला शाल, आणि जिने पत्ता विचारला तिला समज. मी नमस्कार करून निघाले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला अक्षरशः थुंकावंसं वाटलं, पण पायऱ्या स्वच्छ होत्या आणि पुसणारी बाई समोरच होती.

आमचे हे, तोताराम, एसटीत ड्रायव्हर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मी जातो की. मुराळी म्हणून पुरुष माणूस लागतो, तो मी आहे. भाऊ आजारी आहे, त्याने मला पाठवलं, असं सांगतो. चार दिवस आपल्याकडे राहील. गाव सांग."

मी म्हटलं, गाव माहीत नाही.

"आडनाव?"

तेही नाही. तिचं माहेर कोणतं होतं, बापाचं नाव काय, यातलं काही माहीत नाही. नवरा कोणत्या अंगाने चिडतो हे माहीत. मार कुठे बसला की ती कोणत्या कुशीवर झोपते हे माहीत. विहीर माहीत. पण ती विहीर कोणत्या शिवारात आहे ते माहीत नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, मग तुम्ही एवढे दिवस ऐकलं तरी काय?"

तरी ते गेले. बाजाराच्या दिवशी धरणगावला उतरले आणि पुना नावाच्या म्हाताऱ्याचा मुलगा धनसिंग, त्याची बायको झुंबर, असं विचारत भर उन्हात हिंडले. त्या बाजाराला आजूबाजूची किती गावं येतात, आणि आमच्याकडे पुना आणि धनसिंग काय कमी आहेत? जो तो उलट विचारायचा, कोणते पुना? आडनाव काय? तुम्ही त्यांचे कोण? या शेवटच्या प्रश्नाला ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी झुंबरबाई बाजाराला आली नव्हती, की आली होती आणि दिसली नाही, देव जाणे. हे संध्याकाळी डोकं धरून परत आले आणि हातपाय न धुताच ओसरीवर आडवे झाले.

मी फोनची वाट पाहत बसले. ठरवलं होतं, आता तिचा फोन आला की आधी गाव विचारायचं, हसली तरी सोडायचं नाही. पण फोन आला नाही. तिला कशाला यावासा वाटेल? निरोप दिला होता. लुगडं आणलं होतं. भाऊ येणार होता.

आखाजीच्या दिवशी केंद्रात कोणीच यायला तयार नव्हतं. निम्मी मंडळी गावी गेली होती, उरलेल्यांच्या घरी लेकी आल्या होत्या. पाळी सरांची होती आणि ती घेणारं त्यांना कोणी मिळालं नाही. माझी पाळी नव्हती, तरी मी गेले. सर म्हणाले, तुम्ही कशाला आलात सणाच्या दिवशी? मी म्हटलं, ऐकायला. खाली गोदाम बंद होतं, हमाल गावी गेले होते. पंख्याची हवा तव्यावरून आल्यासारखी येत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. सरांनी हात पुढे केला नाही. वाजत राहिला. मी दुसऱ्या रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हटलं, "उचला. तुमच्या तोंडाने सांगा, येत नाही म्हणून. एवढं तरी करा." त्यांनी उचलला. मीही उचलला.

पलीकडे बायकांची गाणी ऐकू येत होती. झोका जवळच कुठेतरी बांधला असावा. या वेळी ती धरणगावच्या बूथवर नव्हती, गावातल्याच कुठल्या दुकानातून बोलत होती, कारण आजूबाजूला माणसं होती. एक म्हातारा खोकला. कोणीतरी विचारलं, लागला का?

"भाऊ," ती म्हणाली, "निंघना का तू? आबा इचारी ऱ्हायनात. बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

सरांचा चेहरा मला दिसत होता. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता म्हणेल, निघतो. शपथेवर सांगते, वाटलं. निदान म्हणेल, मला माफ कर. त्यांनी घसा खाकरला. आवाज तसाच गोड, तसाच शांत.

"हे बघा ताई, हा एका संस्थेचा नंबर आहे. इथं तुमचे कोणी भाऊ नाहीत." आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

माझा कानालाच होता. लाइन चालू होती. तिकडे गाणी चालली होती. ती काही बोलेना. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि म्हाताऱ्याचा आवाज, काय म्हणस वं, काय म्हणस?

मग ती बोलली. आवाज मोठा, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताप शे का? कालपाईन का? ... मंग नको येऊ, भाऊ. असा उन्हमा नको येऊ." मग तोंड बाजूला करून, "आबा, भाऊले ताप उना. भलता ताप शे. उठता बी येत नही." परत फोनवर, "दवाखानामा गया व्हता का? डॉक्टरनी काय सांगं? ... हा. हा. गोया लेत जाय टाइमवर."

कोणी बोलत नव्हतं. ती थांबायची, उत्तर ऐकल्यासारखं 'हा' म्हणायची आणि पुढचं विचारायची. मध्ये जेवढं थांबायला हवं तेवढंच थांबत होती. आमच्या केंद्रात इतकं नीट ऐकणारं कोणी नव्हतं.

मला राहवेना. मी म्हटलं, "झुंबरबाई, मी प्रमिला. गाव सांगा. माझा नवरा आत्ता निघतो, दिवस मावळायच्या आत तुमच्या दारात येतो. फक्त गाव सांगा."

ती दचकली असणार. पलीकडे फोन चालू आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. पण आवाजात काही येऊ दिलं नाही.

"नही, वहिनी," ती म्हणाली. "त्याले एकलं टाकीसन कोनी येऊ नका."

"बाई, गाव," मी म्हटलं. "नुसतं नाव घ्या गावाचं."

ती ते घेऊ शकत नव्हती. हे मला बोलता बोलताच कळलं. सासरा शेजारी उभा होता. जिला नणंदेचं गाव सांगावं लागतं ती कसली वहिनी, आणि मग तो कसला भाऊ? मी जितकं विचारत होते तितकं तिचं जास्त उघडं पाडत होते. मी गप्प झाले.

"पुढली आखाजीले येईन मी," ती म्हणाली. "त्याना डोकावर पानीनी पट्टी ठेव, वहिनी. त्याले जप."

मी म्हटलं, "हो."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही. भावाच्या तापावर त्या घराने विश्वास ठेवला की नाही, ठेवला तर किती दिवस, मला माहीत नाही. पुढची आखाजी आली तेव्हा ती होती की नाही, तेही माहीत नाही. कुठे जाऊन विचारू? हे अजूनही त्या बाजूला गेले की एखाद्या पारावर टेकतात आणि पुना आबांची चौकशी करतात. मी आता त्यांना काही म्हणत नाही.

त्या दिवशी मी रिसीव्हर ठेवला तेव्हा सर खिडकीशी पाठ करून उभे होते. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"तुम्हाला ताप आलाय म्हणाली," मी म्हटलं. "भलता ताप आहे. जपा."